हिरड्यांच्या विकारांवर वनस्पतींचे अर्क : पार्श्वभूमी

खैर, करंज, वड, अर्जुन यांच्या काड्यांनी दात घासण्याची पद्धत जुनी आहे. ग्रंथांत काडी बारा अंगुळे लांब, करंगळीच्या टोकाएवढी जाड आणि चवीला तुरट, कडू किंवा तिखट असावी असे सांगितले आहे. गुण घासण्याचा किती आणि रसाचा किती, हे मोजणे मात्र अलीकडचे. १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये विद्यार्थ्यांना दात घासणे बंद करायला लावले. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि घासणे सुरू होताच बऱ्या झाल्या. १९७० मध्ये क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाच्या ०.२ टक्के तीव्रतेच्या १० मिलिलिटर द्रावणाने रोज दोनदा चुळा भरल्यास न घासताही प्लाक (दातांवरचा जंतूंचा चिकट थर) साचत नाही, हे दिसले. तेव्हापासून बहुतेक वनौषधींची तुलना त्याच्याशीच होते.

भारतात १९९२ चा निर्णय सर्वाधिक वादाचा ठरला. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरण्यावर बंदी आली. तंबाखू आयुर्वेदिक औषधांत चालते, असा उत्पादकांचा दावा होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९७ मध्ये बंदी कायम राहिली. महाराष्ट्रात याचा संबंध थेट मशेरीशी येतो. तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने हिरड्यांवर चोळायची. ‘मशेरीने हिरड्या घट्ट राहतात, रक्त येत नाही’ हा अनुभव खोटा नाही. निकोटिनने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्त थांबते. प्लाक जागच्या जागी राहतो, आतले हाड झिजत जाते आणि आजाराची पहिली खूणच दिसेनाशी होते. ट्यूबमधून विकल्या जाणाऱ्या तपकिरीत लवंगेचे तेल, मेंथॉल आणि कापूर असतो; त्या थंडाव्याने तोंड स्वच्छ वाटते, एवढेच. घरची मशेरी आणि ही तपकीर बंदीतून सुटली, ही टीका रास्त आहे. पण वनस्पती म्हणजे निर्धोक, ही समजूत मोडण्यासाठी निर्णय गरजेचाच होता. अमेरिकेतही ब्लडरूट या वनस्पतीच्या मुळातले सँग्विनारिन हे द्रव्य माउथवॉशमध्ये वर्षानुवर्षे वापरले गेले. १९९९ मध्ये त्याचा संबंध ओठाच्या आतल्या पांढऱ्या चट्ट्यांशी जोडला गेला आणि पुढे ते वगळले गेले.

त्यानंतर भारतात कडुनिंब, त्रिफळा, तुळस यांच्या चाचण्या वाढल्या. अर्क काढायची सर्वसाधारण रीत अशी: पाने सावलीत वाळवून भरड करायची, दहापट ७० टक्के इथेनॉलमध्ये दोन-तीन दिवस हलवत ठेवायची, मग गाळून मंद आचेच्या जलकुंडावर आटवायची. नुसत्या पाण्यातला काढा खोलीच्या तापमानाला एक-दोन दिवसांत आंबतो. ‘५ टक्के’ लिहिले, पण टक्का पानांच्या भुकटीचा की आटवलेल्या अर्काचा हे लिहिले नाही, तर तोच प्रयोग दुसऱ्याला करता येत नाही. कडुनिंबाचा कडूपणा झाकला नाही, तर कोणाला औषध आणि कोणाला साधे द्रावण मिळाले, हे पहिल्याच चुळीला कळते. त्रिफळ्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्याचे डाग दातांवर बसतात. आणि चूळ कोणतीही असो, चार-पाच मिलिमीटर खोल पॉकेटच्या (दात आणि हिरडीमधल्या फटीच्या) तळाशी ती पोहोचत नाही. तिथे आधी स्केलिंगच, म्हणजे दंतवैद्याकडून दात खरवडून साफ करणे, लागते.

बऱ्याच चाचण्या दोन ते चार आठवड्यांत संपतात. हिरड्यांसाठी सहा महिने हवेत आणि प्लाक व रक्तस्राव वेगवेगळे मोजायला हवेत. ओव्यातला थायमॉल, निलगिरीतला युकॅलिप्टॉल आणि पुदिन्यातला मेंथॉल असलेला माउथवॉश सहा महिन्यांच्या चाचण्यांत टिकला. त्यात थायमॉल ०.०६४ टक्के, असा प्रत्येक घटक मोजून घातलेला असतो.