बरणीतलं जायफळ

काकू एका बरणीपुढे थांबली, पदराने चष्मा पुसला आणि म्हणाली, "हे जायफळ इथे कशाला ठेवलंय गो?"

तिची नात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कोकणातल्या ज्या वैद्यकीय महाविद्यालयात ती शिकते, तिथलं शरीररचना आणि विकृतिशास्त्राचं (पॅथॉलॉजीचं) संग्रहालय एक दिवस घरच्यांसाठी खुलं होतं, म्हणून आम्ही गुहागरहून आलो होतो. प्रश्न ऐकून नात हसलीच. "आजी, बरोब्बर! याला नटमेग लिव्हरच म्हणतात. जायफळी यकृत."

बरणीत माणसाच्या यकृताची फोड होती. काकूच्या वाडीत सुपारीच्या सावलीला जायफळाची चार झाडं आहेत आणि सहाणेवर जायफळ उगाळण्यात तिचा जन्म गेलाय. उगाळून झिजलेल्या जायफळाचा तळ आठवा: फिकट गर आणि त्यात शिरलेल्या काळपट नागमोडी रेघा. फोडीवर हुबेहूब तशीच नक्षी होती, फक्त जरा तांबूस.

ती नक्षी उमटते कशी, हे समजायला वाडीतलं शिंपणंच कामी येतं. यकृत हे एक ते दोन मिलिमीटरच्या असंख्य षटकोनी खंडिकांचं बनलेलं असतं. रक्त खंडिकेच्या कोपऱ्यांतून आत येतं, पेशींमधून झिरपत मधल्या शिरेत जमतं, तिथून मोठ्या शिरांवाटे हृदयाच्या उजव्या बाजूला पोचतं. ही उजवी बाजू थकली, आलेलं रक्त फुप्फुसांकडे ढकलेना, की मागे तुंबारा होतो. काकूने लगेच विचारलं, "म्हणजे पुढे पाट चोंदला की मागच्या आळ्यात पाणी साचतं, तसं?" अगदी तसं. तुंबारा आधी बाहेर पडायच्या वाटेशी, म्हणजे खंडिकेच्या मधोमध होतो. तिथल्या पेशी साचलेल्या रक्तात गुदमरून मरतात आणि तो भाग गडद लाल होतो. कडेच्या पेशींना ताजं रक्त आधी मिळतं, त्या तगतात. त्यांच्यात थोडी चरबी साठली तर आणखीच पिवळट दिसतात. गडद केंद्र, फिकट कड, अशा हजारो खंडिका शेजारीशेजारी, की झालं जायफळ. बिघाड हृदयाचा, पण त्याची नोंद यकृतावर.

बरण्यांना इथे सगळे 'पॉट' म्हणतात. मला वाटलं होतं, आत शिरताच डोळे चुरचुरतील. तसं काहीच झालं नाही. त्याचं कारण असं, की अवयव आधी फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, पण बरणीत कायमचा ठेवताना द्रव बऱ्याचदा दुसराच असतो. फॉर्मॅलिन म्हणजे फॉर्मॅल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण. फॉर्मॅल्डिहाइडमुळे अवयव टिकतात, हे फर्डिनांड ब्लूम या जर्मन डॉक्टरने 1893 मध्ये दाखवलं. आपण बोंबील वाळवतो, बांगडा खारवतो तेव्हा पाणी काढून घेऊन जिवाणूंची उपासमार करतो. फॉर्मॅल्डिहाइड पाण्याच्या वाटेला जात नाही, ते प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींना बांधून टाकतं. मग जिवाणूंना खाता येत नाही आणि पेशींतली स्वतःची विकरंही (एन्झाइम) कामातून जातात. अडचण एकच: रक्ताचा लाल रंग मळकट तपकिरी होतो. त्यावर कार्ल कायझरलिंग या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने 1890 च्या दशकात तोड काढली. फॉर्मॅलिननंतर अवयव काही तास अल्कोहोलमध्ये ठेवला की रंग बराचसा परततो, आणि मग तो ग्लिसरीन-ॲसिटेटच्या द्रावणात बंद करायचा. ही युक्ती नसती तर काकूला जायफळ ओळखता आलं नसतं.

पुढच्या कपाटांशी मला जाणवलं, की जुने विकृतिशास्त्रज्ञ भुकेल्या पोटी काम करत असावेत. क्षयाने पोखरलेल्या फुप्फुसात कुस्करलेल्या पनीरसारखा भाग होता. त्याचं इंग्रजी नाव चीजवरूनच पडलंय. क्षयाचे जंतू रक्तातून सगळीकडे पसरले तर अवयवभर बारीक दाणे उठतात, त्याला 'मिलिअरी' म्हणतात, लॅटिनमधल्या भरडधान्याच्या नावावरून. आपल्या वरकस जमिनीतली नाचणी आठवावी, दाणे जवळपास तेवढेच. आणि एक प्लीहा होती, तिच्यात चक्क भिजलेला साबुदाणा! तिचं नाव 'सॅगो स्प्लीन'. ते दाणे अमायलॉइडचे. आयोडीन लावल्यावर हा पदार्थ स्टार्चसारखा रंगतो, म्हणून रुडॉल्फ फिरखो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने 1854 मध्ये त्याला हे स्टार्चवरून आलेलं नाव दिलं. पाचच वर्षांत कळलं की ते प्रथिन आहे; त्याची घडी वाकडी पडलेली असते, हे फार पुढे कळलं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. (काकूचा त्या दिवशी उपास होता. ती त्या कपाटाशी फार थांबली नाही.)

एक उपमा मात्र मला पटली नाही. अमीबा आतड्यातून शिरेवाटे यकृतात पोचला की तिथे गळू होतं. त्यातला तपकिरी-लालसर द्रव म्हणजे खरा पू नव्हेच, विरघळलेल्या पेशी आणि रक्त. मुलं पाठ करतात, 'अँचोव्ही सॉस पस'. हा सॉस वर्गात कोणी चाखलाय का, असं नातीला विचारलं. कोणीच नाही. गंमत म्हणजे आपली मांदेली अँचोव्हीच्याच कुळातली. पण मांदेली रवा लावून तळायची असते, तिचा सॉस करायचं कोणाच्या मनातही येणार नाही. एका इंग्रजाच्या जेवणाच्या टेबलावरची वस्तू आपली मुलं न बघता घोकतात, आणि जायफळ परसात असून तेही इंग्रजीतूनच शिकतात.

शेवटच्या कपाटात एक फुगलेलं हृदय होतं. काकूने विचारलं, "हे त्याच माणसाचं का?" नात म्हणाली, "ते नाही कळत आजी. पॉटवर नुसता नंबर असतो." मग दाराशी तिला थट्टा सुचली. "आमच्या व्हायवात जायफळाचाच पॉट पुढे ठेवतात. विचारतात, सांग, हृदयाची कुठली बाजू गेली होती?"

"उजवी," काकू म्हणाली, आणि चपला शोधायला लागली.