ती हळद नव्हे, हरताळ!

पावसाळा सरला की डिचोलीच्या घरातल्या पोथ्यांना हवा दाखवायचं काम माझ्याकडे असतं. यंदा भाचा मदतीला होता. एका पानावर पिवळे डाग बघून म्हणाला, "मामा, आजीनं हळद सांडली वाटतं." आणि पान उलटायला बोट जिभेला लावलं. मी ओरडलोच. जुन्या पोथीतला असा पिवळा डाग हरताळाचा असतो. अक्षर चुकलं की त्यावर हरताळाचा लेप द्यायचा, सुकला की वर नवं अक्षर काढायचं. 'हरताळ फासणे' ते हेच. (बाजार बंद ठेवणारा हरताळ वेगळा. तो गुजरातीतून आलेला, मुळात हाटाला ताळा, म्हणजे दुकानाला कुलूप.)

हरताळ हे आर्सेनिक आणि गंधकाचं विषारी खनिज. फारसीत 'झर्निख'; तेच ग्रीकमधून फिरून 'आर्सेनिक' झालं. त्याची तांबडी बहीण मनशीळ. सोमल म्हणजे आर्सेनिकचं पांढरं ऑक्साइड, आणि होमिओपॅथीतलं 'आर्सेनिकम आल्बम' म्हणजे लॅटिन कोट घातलेला सोमलच. २०२० साली कोरोनावर याच्या गोळ्यांचा केवढा गाजावाजा झाला! शंभरपट पातळ, तेही ३० वेळा. गोळीत सोमलाचा रेणू सापडायची शक्यता जवळजवळ शून्य. बरंच आहे म्हणा.

रंगावरून नाव ठेवलं की फसगत होते. मनशिळेचा खडा उजेडात पिवळा पडून भुसभुशीत होतो. त्याचा हरताळ होतो, असाच बराच काळ समज होता. १९८० साली त्या पिवळ्या भुकटीला पॅरारिअल्गार हे वेगळं नाव मिळालं.

मनशिळेचा रेणू म्हणजे ४ आर्सेनिक आणि ४ गंधकांचा पिंजरा. प्रत्येक आर्सेनिकचे दोन हात गंधकांना धरलेले, तिसरा दुसऱ्या आर्सेनिकला. उजेडानं पकड सैल होते. हवेतला ऑक्सिजन थोडं आर्सेनिक पळवतो (त्याचा होतो सोमल!), आणि जादा झालेलं गंधक शेजारच्या पिंजऱ्यात घुसतं. पाच गंधकांची दाटी उजेडात टिकत नाही. एक बाहेर पडतं, पण घुसलेलं नव्हे, दुसरंच. त्यामुळे मांडणी विस्कटते: आता एका आर्सेनिकला तीन गंधकं, तर एकाला एकच. बाहेर पडलेलं गंधक पुढच्या पिंजऱ्यात शिरतं, की तिथं पुन्हा तेच. अणू तेवढेच, सूत्र तेच, तरी खनिज निराळं.

भाच्यानं तोवर दोनदा साबणानं हात धुतले होते. मी पोथी सावलीत सरकवली. उजेडात हरताळही विटतो.