प्रारणजन्य मूत्रपिंडविकृती : प्रयोगप्राण्यांतील

क्ष-किरण, गॅमा किरण इ. आयनीकारक प्रारणामुळे प्रयोगप्राण्यांच्या मूत्रपिंडांना होणारी, उशिरा प्रकटणारी इजा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून तिच्या नोंदी आढळतात. पद्धतशीर प्रयोगांचा आरंभ सामान्यतः हार्टमन, बॉलिगर व डाउब यांनी १९२६ च्या सुमारास कुत्र्यांवर केलेल्या कामापासून मानतात.

सुमारे १० ग्रे (ग्रे हे शोषलेल्या प्रारणाचे एकक) एवढी एकच मात्रा उंदराच्या मूत्रपिंडांना इजा होण्यास पुरते. संपूर्ण शरीरावर ती दिल्यास रक्तोत्पादन थांबून प्राणी काही आठवड्यांतच दगावतो. अस्थिमज्जेचे रोपण करून त्याला जगवले, तरच पुढे लघवीतून प्रथिने जाणे, रक्तातील यूरिया वाढणे, उच्च रक्तदाब व पांडुरोग ही लक्षणे क्रमाने दिसू लागतात.

मूळ इजा कोठे होते, याविषयी मतभेद आहेत. उंदीर व डुकरे यांच्या मूत्रपिंडांत केशिकागुच्छांतील (रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांच्या झुबक्यांतील) रक्तवाहिन्यांचा अंतःस्तर आधारपटलापासून (त्याखालच्या पातळ पडद्यापासून) सुटून मधली पोकळी रुंदावल्याचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली लवकर दिसते. गुच्छाला आधार देणारे ऊतकही विरघळू लागते. यावरून एक पक्ष दोष रक्तवाहिन्यांना देतो. उलटपक्षी विदर्स, मेसन व टेम्स यांनी १९८६ मध्ये छोट्या उंदरांच्या (माउस) मूत्रपिंडांतील, गाळलेल्या द्रवापासून मूत्र बनवणाऱ्या नलिकांपैकी तगलेल्या नलिका मोजून, नलिकापेशींची पुनर्जननक्षमता संपणे हेच निर्णायक असल्याचे सुचवले. बदलांचा क्रम पाहता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. तथापि नलिकांचा क्षय हा केवळ रक्तपुरवठा आटल्याचा परिणाम आहे, असेही म्हणवत नाही. तंतुमयता (ऊतकाची जागा तंतूंनी घेणे) मात्र दोन्ही मार्गांनी अखेरीस येतेच.

त्वचा काळाच्या ओघात सावरते, तसे मूत्रपिंड सावरत नाही. छोट्या उंदरांत दोन मात्रांमधील अंतर वाढवल्यास दुसरी मात्रा सोसण्याची शक्ती उलट घटते.

कॅप्टोप्रिलसारखी रक्तदाबावरील औषधे उंदरांत ही विकृती लांबवतात, असे मोल्डर, फिश व कोहेन यांच्या प्रयोगांतून दिसले. ही औषधे रेनिन या मूत्रपिंडातील विकरापासून सुरू होणारी, रक्तदाब वाढवणारी साखळी रोखतात; मग रेनिनची पातळी वाढलेली नसतानाही ती गुणकारी का ठरावीत, हा प्रश्न उरतोच.