कोठडीतलं मेडिकल

अटकेतल्या माणसाची तब्येत तपासणं आणि लागला तर उपचार मिळवून देणं, याला पोलिस, वकील, डॉक्टर सगळेच नुसतं 'मेडिकल' म्हणतात. ते झालं नाही, किंवा कागदावर झालं पण गोळी काही मिळाली नाही, तर कोणाला धरायचं, हा खरा प्रश्न.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे अटक, तपास, खटला कसा चालवायचा याचा कायदा, १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम ५३ प्रमाणे अटक झाली की लगेच सरकारी डॉक्टरकडून तपासणी करायची, आणि रिपोर्टची कॉपी आरोपीला किंवा तो सांगेल त्याला द्यायची (ही कॉपी सहसा कोणी मागतच नाही). कलम ५६ अजून सरळ आहे, आरोपी ज्याच्या ताब्यात, त्याने त्याच्या तब्येतीची वाजवी काळजी घ्यायची. म्हणजे 'खातं बघून घेईल' असं नाही, रात्री तपास अधिकारी घरी गेला तरी ड्युटीवर जो आहे त्याच्यावर ते येतं.

ठाण्यात काय, वाशीत काय, चित्र तेच. बायको डायबिटीसच्या गोळ्यांची प्लास्टिकची पिशवी घेऊन काउंटरला उभी, आतून उत्तर येतं 'साहेब नाहीत, उद्या कोर्टात सांगा', आणि ती येऊन गेली हे कुठेच लिहिलं जात नाही. पुढे काही झालं की सगळी केस घड्याळातल्या वेळांवर येऊन ठरते: आरोपी छातीत दुखतंय किती वाजता म्हणाला, गाडी किती वाजता निघाली, सिव्हिलच्या केसपेपरवर कितीचा टाइम आहे. स्टेशन डायरी (ठाण्यातली रोजची नोंदवही) आणि केसपेपर जुळले नाहीत की वकिलाला तेवढंच पुरतं.

डी. के. बसू खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९९६ ला सांगितलं की कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी डॉक्टरने तपासायचं. त्याआधी १९९३ च्या निलाबती बेहेरा निकालात कोठडीतल्या मृत्यूबद्दल आईला दीड लाख भरपाई मिळाली, आणि मूलभूत हक्क मोडल्यावर सरकारला 'आम्ही सार्वभौम' म्हणून हात वर करता येत नाहीत हेही ठरलं. भरपाई मात्र सरकारच्या तिजोरीतून जाते, त्या रात्रीच्या ड्युटीवाल्याला वेगळं गाठावं लागतं. निष्काळजीपणाने मृत्यू असेल तर भारतीय न्याय संहितेचं (गुन्हे आणि शिक्षांचा कायदा) कलम १०६, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. कोठडीत मृत्यू झाला तर मॅजिस्ट्रेटची चौकशी होते, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ खाली. सरकारी नोकरावर खटल्याआधी सरकारची मंजुरी हा जुना अडथळा आहेच, पण आता त्याच संहितेच्या कलम २१८ मध्ये १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं धरतात.

लोक नवी मुंबईतल्या तळोजा जेलची उदाहरणं इथे देतात. ती न्यायालयीन कोठडी, पोलिसांची नाही, तिथे जबाबदारी जेल प्रशासनाची, हा घोळ नेहमी होतो. एल्गार परिषद प्रकरणात तळोजात असलेले कवी वरवरा राव यांना हायकोर्टाने २२ फेब्रुवारी २०२१ ला तब्येतीवरून सहा महिन्यांचा जामीन दिला. त्याच प्रकरणातले, तिथलेच फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ ला वांद्र्याच्या हॉस्पिटलमध्ये वारले, जामिनाचा अर्ज तेव्हा कोर्टात पेंडिंगच होता.

पोलिस स्टेशनच्या सीसीटीव्हीचं फुटेज १८ महिने ठेवावं, असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलंय, निदान एक वर्ष तरी. म्हणून जाणकार वकील तेराव्याची वाट न बघता, पोस्टमॉर्टेमच्याच दिवशी फुटेज राखून ठेवायचा अर्ज टाकतात, तारीख-वेळेसकट, आणि लॉकअपसोबत काउंटरचा कॅमेराही त्यात आवर्जून लिहितात.