संगणक ते टीव्ही : केबल, अडॅप्टर आणि एचडीएमआयच्या ‘२.१’ या आकड्याचा घोळ

संगणकाचे चित्र टीव्हीवर आणण्याची खटपट घरगुती संगणकाइतकीच जुनी आहे. १९८०च्या दशकातली स्वस्त यंत्रे थेट टीव्हीच्या अँटेनाच्या सॉकेटला जोडली जात. पुढे पिवळ्या पिनची कॉम्पोझिट वायर आली, मग चार पिनांची एस-व्हिडिओ. पाल या आपल्याकडच्या जुन्या प्रसारण पद्धतीच्या टीव्हीवर जेमतेम ५७६ ओळी दिसत, त्याही एका वेळी निम्म्या. सिनेमा चालून जाई, पण डेस्कटॉपवरची बारीक अक्षरे थरथरत.

१९८७ सालचे व्हीजीए, म्हणजे संगणकाच्या चित्राची जुनी जोडणी, मुळात मॉनिटरसाठी होते. टीव्हीच्या पाठीवर ते सपाट पडद्यांसोबत आले आणि अपेक्षेपेक्षा जास्त टिकले. २०१५पर्यंत व्हीजीए बंद करू, असे बड्या चिप आणि लॅपटॉप कंपन्यांनी २०१०च्या डिसेंबरात जाहीर केले होते. तरी शाळा, क्लासेस आणि सभागृहांतल्या प्रोजेक्टरनी त्याला जिवंत ठेवले. त्यातूनच आजही वारंवार होणारी चुकीची खरेदी उरली आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत, ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ (एचडीएमआय म्हणजे आजच्या टीव्हींची चित्र आणि आवाजाची जोडणी) आणि ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ हे डबे शेजारी शेजारी लटकलेले दिसतील, पण ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. नवा लॅपटॉप जुन्या प्रोजेक्टरला लावायचा तर पहिला, जुना संगणक नव्या टीव्हीला लावायचा तर दुसरा. दुसऱ्याला ५ व्होल्टसाठी यूएसबीची शेपटी लागते. व्हीजीएतून आवाज जात नाही, म्हणून ३.५ मिमीची ऑडिओ वायरही हवी. पहिला डबा एचडीएमआयच्या १८ क्रमांकाच्या पिनवरून वीज घेतो. तिथे फक्त ५५ मिलिअँपिअरची हमी असते, त्यामुळे काही लॅपटॉपवर चित्र येते-जाते. असा डबा घेताना बाजूला जादा वीज द्यायचे छिद्र आहे का, ते पाहून घ्यावे.

१९९९मध्ये मॉनिटरसाठीची डीव्हीआय ही जोडणी आणि २००२च्या डिसेंबरात एचडीएमआय आले. दोघांच्या तारांतून वाहणारा संकेत मुळात एकच, म्हणून डीव्हीआयचा डिजिटल प्रकार एचडीएमआयला जोडणारा अडॅप्टर म्हणजे नुसत्या सरळ तारा, आत चिप नाही. एक जुनी खोड मात्र टीव्हीसोबतच आली. काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा चौकटीआड दडवत. सपाट पडद्यांनीही ती सवय सोडली नाही, आणि संगणक जोडला की खालची टास्कबार गायब होते. उपाय केबलमध्ये नाही, टीव्हीच्या मेनूत आहे : ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ असे काहीतरी निवडायचे किंवा त्या इनपुटचा प्रकार ‘पीसी’ करायचा.

२००६मध्ये डिस्प्लेपोर्ट ही संगणकांसाठीची आणखी एक जोडणी आली आणि दिशेचा गुंता वाढला. डिस्प्लेपोर्टमध्ये चित्र पाकिटे करून पाठवले जाते, एचडीएमआयची रीत वेगळी. तरी स्वस्त अडॅप्टर चालतो, कारण दोन अधिकची चिन्हे असलेला डिस्प्लेपोर्ट स्वतःच एचडीएमआयचा संकेत देऊ लागतो. अडॅप्टर फक्त व्होल्टेज जुळवतो. असा साधा अडॅप्टर पहिल्या पिढीचा असेल तर १६५ मेगाहर्ट्झपर्यंत, म्हणजे १०८०पी ६० हर्ट्झपर्यंत (१०८० ओळींचे चित्र, सेकंदाला ६० वेळा) जातो. दुसऱ्या पिढीचा ३०० मेगाहर्ट्झपर्यंत जातो, त्यात ४के (२१६० ओळींचे चित्र) बसते, पण ३० हर्ट्झवर. ४के ६० हवे असेल तर आत रूपांतराची चिप असलेला, ‘अॅक्टिव्ह’ अडॅप्टरच घ्यावा लागतो. उलट दिशेला, एचडीएमआयच्या संगणकातून डिस्प्लेपोर्टच्या पडद्याकडे, हा अडॅप्टर काहीच करत नाही.

२०१४च्या यूएसबी-सीने तर आकारावरून अंदाज बांधायची सोयच ठेवली नाही. तेच भोक, पण एका लॅपटॉपवर चित्र देते, दुसऱ्यावर फक्त चार्जिंग आणि फाइली. भोकाशेजारी डिस्प्लेपोर्टचे चिन्ह किंवा थंडरबोल्टचे विजेचे चिन्ह असेल तर चित्राची खात्री. नुसते बॅटरीचे चिन्ह असेल तर मॉडेलचा तपशील वाचल्याशिवाय पैसे घालू नयेत. फोनसोबत आलेली केबलही सहसा उपयोगाची नसते, तिच्यात वेगाच्या तारांच्या जोड्याच नसतात. यूएसबी-सीवरून थेट एचडीएमआय पाठवायची पद्धत २०१६मध्ये जाहीर झाली, पण तिची उत्पादने बाजारात रुजलीच नाहीत. म्हणून बाजारातला यूएसबी-सी ते एचडीएमआय अडॅप्टर आतून डिस्प्लेपोर्टच घेतो आणि चिपने बदलतो. दोन अधिकवाली सोय यूएसबी-सीवर नसते. त्यामुळे यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट आणि त्याला पुढे साधा एचडीएमआय अडॅप्टर, अशी माळ लावली की पडदा काळाच राहतो.

हबवर (एका भोकातून अनेक पोर्ट काढून देणाऱ्या डब्यावर) ‘४के’ लिहिलेले असते आणि माऊसचा बाण मात्र अडखळत चालतो, तेही इथलेच. यूएसबी-सीत वेगाच्या चार लेन, म्हणजे तारांच्या चार जोड्या, असतात. हबला पेनड्राइव्हसाठी जलद यूएसबी द्यायचे असते, म्हणून दोन लेन तिकडे जातात आणि चित्राला दोनच उरतात. डिस्प्लेपोर्ट १.२च्या हिशेबाने त्या दोन लेनवर सेकंदाला ८.६४ गिगाबिट मावतात. टीव्हीच्या नेहमीच्या टायमिंगने ४के ३० हर्ट्झला ७.१३ लागतात, ते बसतात. ६० हर्ट्झला १४.२६ लागतात, ते बसत नाहीत. बाकी पोर्टांचा लोभ नसेल तर चारही लेन चित्राला देणारा साधा एकपोर्टी अडॅप्टर हबपेक्षा सरस ठरतो, तोही स्वस्तात.

आता ‘२.१’. २०१३च्या एचडीएमआय २.०ने सेकंदाला १८ गिगाबिट दिले, म्हणजे ४के ६०. २०१७च्या नोव्हेंबरातल्या २.१ने ४८ गिगाबिट जाहीर केले, आणि ती नुसती वाढ नव्हती. तोवर एचडीएमआयच्या तारांच्या चार जोड्यांपैकी तीन चित्राला आणि एक घड्याळाच्या ठोक्याला असे. नव्या रीतीत चौथी जोडीही चित्राला जुंपली आणि प्रत्येकीचा वेग १२ गिगाबिटपर्यंत नेला. जुनी केबल इथे तोकडी पडते ती यामुळेच. ४के १२० हर्ट्झ, रिफ्रेश रेट चित्रानुसार बदलणे, आवाज परत नेणारी सुधारित वाहिनी, हे सगळे याच आकड्याखाली आले.

मग २०२१च्या अखेरीस एक मॉनिटर चर्चेत आला. त्यावर २.१ छापलेले होते आणि क्षमता सगळी २.०ची. परवाने देणाऱ्या संस्थेला विचारणा झाली तेव्हा उत्तर आले की २.० आता अस्तित्वातच नाही. त्यातले सगळे २.१मध्ये सामावले आहे, २.१ची नवी वैशिष्ट्ये ऐच्छिक आहेत आणि कोणती दिली ते उत्पादकाने सांगावे. बाजू मांडणाऱ्यांचे म्हणणे असे की आवृत्तीचा आकडा यंत्रे बनवणाऱ्यांसाठी असतो, ग्राहकासाठी नाही. साउंडबारला ४८ गिगाबिट कशाला हवेत? एकच नियमावली असली की तपासणीही सोपी होते. कागदावर हा युक्तिवाद बिनतोड आहे. पण दुकानात खोक्यावर ठळक दिसतो तो आकडाच, वैशिष्ट्यांची यादी बारीक टायपात मागे असते, आणि कधी कधी तीही नसते. केबलवर आवृत्ती छापायला याच नियमांत मनाई आहे. म्हणजे आकड्याने दिशाभूल होते हे संबंधितांना ठाऊक होते. मग यंत्रांना तो नियम का नाही, याचे समाधानकारक उत्तर अजून मिळालेले नाही.

ग्राहकाने त्यामुळे ‘२.१ आहे का’ असे विचारण्यात अर्थ उरलेला नाही. ‘४के १२० कोणत्या पोर्टवर आणि किती गिगाबिटला’ असे विचारावे. खरा वेग ९, १८, २४, ३२, ४० किंवा ४८ यांपैकी काहीही असू शकतो. ४के १२० दहा बिट रंगांत चालवायला ४० पुरतात, म्हणून ४८ नाहीत यासाठी चांगला टीव्ही नाकारू नये. चारपैकी दोनच पोर्ट पूर्ण वेगाचे असलेले टीव्ही भरपूर आहेत. तो पोर्टही मेनूत ‘एन्हान्स्ड’ किंवा ‘डीप कलर’ अशा नावाने आधी चालू करावा लागतो. तो बंद असेल तर ४के ६०वर रंगांची माहिती कापली जाते. लाल पार्श्वभूमीवर निळी अक्षरे लिहून पाहिली तर कडा फुटलेल्या दिसतात.

केबल निवडताना १८ गिगाबिटला ‘प्रीमियम हाय स्पीड’ आणि ४८ला ‘अल्ट्रा हाय स्पीड’ ही नावे आणि स्कॅन करता येणारे लेबल पाहावे. पांढरे ठिपके चमकणे किंवा अधूनमधून पडदा क्षणभर काळा होणे ही बहुधा केबल वेगाच्या काठावर असल्याची खूण असते. वेग एक पायरी उतरवून पाहिले की खात्री पटते. ४८ गिगाबिटला साधी तांब्याची केबल तीन मीटरच्या आसपास ठेवावी. भिंतीतून लांब न्यायची तर ऑप्टिकल घ्यावी, पण तिला दिशा असते. ‘सोर्स’ लिहिलेले टोक संगणकाकडेच हवे, आणि हे प्लास्टर करण्याआधी तपासावे.

२.१चा वाद तिथेच थांबला नाही. एका ग्राफिक्स चिप कंपनीने खुल्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये २.१चा पूर्ण वेग आणण्याचा प्रस्ताव मांडला. नियम ठरवणाऱ्यांनी तो नाकारला, हे २०२४मध्ये समोर आले. तशा संगणकांवर ४के १२० साठी लोक डिस्प्लेपोर्टमधून अॅक्टिव्ह अडॅप्टर लावून वाट काढतात, जरी बदलता रिफ्रेश रेट त्यातून नीट जाईलच असे नाही. २०२५मध्ये २.२ आले, ९६ गिगाबिटचे, ‘अल्ट्रा९६’ नावाच्या केबलसह. ४के १२०च्या टीव्हीसाठी तिची गरज नाही, ‘अल्ट्रा हाय स्पीड’ पुरते.