इटलीच्या कार्यक्रमात दुपार मोकळी का ठेवतो?

आमच्या इटली सहलीची कार्यक्रमपत्रिका हातात पडली की पहिला फोन बहुधा याचसाठी येतो: "दुपारी दोन ते साडेचार कोरंच आहे, छापायचं राहिलं का?" राहिलेलं नाही. ती वेळ आम्ही मुद्दाम रिकामी सोडतो. तिथे स्वतःहून "अजून एक ठिकाण" घालणाऱ्यांचा पुढचा सगळा दिवस कोलमडतो, म्हणून हे जरा सविस्तर.

इटलीत हॉटेलाचं दार उघडं दिसलं म्हणजे जेवण मिळेलच असं नाही. बहुतेक त्रात्तोरियांचं, म्हणजे साध्या घरगुती खाणावळींचं, स्वयंपाकघर दुपारी साडेबाराला सुरू होतं आणि अडीचच्या सुमाराला बंद होतं. मग थेट संध्याकाळी सात-साडेसात. मधल्या वेळात टेबलं रिकामी असतात, वेटर असतो, पण उत्तर येतं "कुचिना क्यूझा", म्हणजे चूल बंद. लहान दुकानंही एक ते चार मिटलेली असतात. छोटी चर्चसुद्धा दुपारी कुलूप लावतात. रोममध्ये चित्रकार काराव्हाज्जोची तीन चित्रं फुकट पाहायला मिळतात ते सान लुईजी दे फ्रान्चेझी त्यातलंच, म्हणून ते आम्ही नेहमी सकाळी घेतो.

गडबड होते ती अशी. बाराला एक संग्रहालय संपतं, भूक फारशी नसते, म्हणून आणखी एक पाहून घेतलं जातं. बाहेर पडेपर्यंत तीन. चांगल्या ठिकाणी चूल बंद, म्हणून स्मारकाशेजारी दारात पदार्थांचे फोटो लावलेल्या हॉटेलात शिरायचं. तिथे दिवसभर मिळतं खरं, पण गरम करून वाढलेलं आणि महाग. सहाला पुन्हा भूक लागते, तेव्हा रात्रीचं जेवण सुरू झालेलं नसतं. शेवटी खोलीवर जाऊन चिवडा. नेमकी तीच सहा ते आठची वेळ, जेव्हा गावातली माणसं नीटनेटके कपडे घालून पायी फिरायला निघतात. या फेरफटक्याला 'पास्सेज्जाता' म्हणतात, तिकीट लागत नाही, आणि आमच्या मते इटलीत पाहण्यासारखं सर्वांत सोपं दृश्य हेच.

म्हणून एकच करा: एक वाजता टेबलावर बसा, भूक असो वा नसो. बाकीचं आपोआप जुळतं. जेवून खोलीवर जा, पाय वर करून पडा, साडेचारला पुन्हा निघा. यासाठीच आम्ही गावाबाहेरची स्वस्त हॉटेलं देत नाही. खोलीचा दर थोडा जास्त वाटेल, पण दुपारी चालत परत येता आलं नाही तर तो आराम कागदावरच राहतो.

"पण कोलोसियम, पँथिऑन दुपारी उघडं असतं ना?" असतं. मात्र जून ते ऑगस्टमध्ये पारा ३५ अंशांच्या आसपास जातो आणि कोलोसियमशेजारच्या फोरमच्या प्राचीन अवशेषांत सावली जवळजवळ नाही. आम्ही सकाळची पहिली वेळ काढून देतो ती त्यासाठी.

एक वाजता जमलंच नाही, तर 'पित्झा अल् तालियो'चं दुकान शोधा. तुकडा कापून वजनावर मिळतो. किती हवा ते बोटांनी दाखवा, सुरी तिथे ठेवली की "बास्ता" (पुरे) म्हणा. फ्लॉरेन्समध्ये मेर्कातो चेन्त्राले या मंडईचा वरचा मजला दिवसभर चालू असतो. खालची मंडई मात्र दुपारी आवरते. संध्याकाळच्या भुकेला 'आपेरितिवो' आहे. सहानंतर बारमध्ये काहीही प्यायला घ्या, दारूच हवी असं नाही, सोबत बहुधा बशीभर खाणं येतं.

बार म्हणजे तिथे मुख्यतः कॉफीचं ठिकाण. पुष्कळ बारमध्ये आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती काउंटरवर दाखवावी लागते. उभ्याने प्यालात तर स्वस्त, बसून प्यालात तर दर वेगळा. व्हेनिसच्या सान मार्को चौकात हा फरक चांगलाच जाणवतो. नुसतं "काफे" म्हटलं की एस्प्रेसो येते. "लाते" मागितलंत तर पेलाभर दूध येईल, आणि चूक वेटरची नसेल. कापुचिनो सकाळचा. जेवणावर मागितलात तर देतील, फक्त भुवई वर जाईल.

बिलाबद्दल सर्वांत जास्त तक्रारी येतात. "अर्धा तास बसवून ठेवलं, कोणी विचारलंही नाही." न मागता बिल आणणं म्हणजे पाहुण्याला उठ म्हणणं, असं तिथे मानतात. टेबल तुमचंच असतं. निघायचं असेल तेव्हा "इल् कोंतो, पेर फावोरे" म्हणा. बिलात 'कोपेर्तो' दिसला तर ती माणशी बैठकीची आकारणी असते, फसवणूक नव्हे. शहर-करही हॉटेलात, माणशी दर रात्रीप्रमाणे, वेगळा भरावा लागतो. तो आमच्या रकमेत नसतो हे पत्रिकेत लिहिलेलं असतं, कृपया वाचावं.

शाकाहारी मंडळींनी एवढं ध्यानात ठेवावं. 'पेपेरोनी' म्हणजे तिथे ढोबळी मिरची, मांसाचं सॉसेज नव्हे, त्याला घाबरू नका. घाबरायचं ते भाज्यांच्या सुपाला आणि रिसोत्तो या भाताच्या पदार्थाला, कारण त्यांचं पाणी बऱ्याचदा मांसाचं असतं. पार्मेज्जानो चीज वासराच्या रेनेटने, म्हणजे त्याच्या जठरातून काढलेल्या विरजणाने, लावतात, आणि पेस्तोत (बेसिलच्या चटणीत) तेच किंवा तसंच चीज असतं. मारिनारा पित्झ्यात चीज नसतं, टोमॅटो, लसूण आणि ओरेगानो एवढंच. कांदा-लसूणही चालत नसेल तर बुकिंगच्या वेळी सांगा. मांस, मासे, अंडी, कांदा, लसूण यांपैकी काय चालत नाही ते इटालियनमध्ये लिहिलेलं कार्ड आम्ही प्रत्येकाला देतो. वेगळे पैसे नाहीत.

स्थानिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यावा. तिकीट असूनही दंड होतो तो शिक्का नसल्यामुळे. फ्रेच्चारोस्सा या वेगवान गाडीला आसन ठरलेलं असतं, शिक्का लागत नाही.

दुकानात शिरताना "बोनजोर्नो" म्हणा, मग विचारा. फळांना स्वतः हात लावू नका, दुकानदार निवडून देतो. सुपरमार्केटात फळं स्वतः घ्यायची असतात, पण तिथे ठेवलेला प्लास्टिकचा हातमोजा घालून.

एवढं वाचूनही दुपारी काही घालायचंच असेल तर निघण्यापूर्वी कळवा, तिथे पोहोचल्यावर नको. कोलोसियमचं तिकीट नावानिशी निघतं आणि दारात ओळखपत्र पाहतात. वेळ बदलायची तर बऱ्याचदा नवं तिकीट काढावं लागतं. कळवताना नाव पासपोर्टवर आहे तसंच, वडिलांच्या किंवा पतीच्या नावासकट पाठवा.