आरसीआय रिन्यूअल आणि सीआरई पॉइंट: अर्ज नेमका कुठे अडकतो

आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद, मानसशास्त्रज्ञांची नोंदणी ठेवते आणि त्या नोंदणीचं रिन्यूअल सीआरई, म्हणजे निरंतर पुनर्वसन शिक्षणाच्या, पॉइंटांवर होतं. फाइल भरून सर्टिफिकेटं आहेत आणि तरी रिन्यूअल अडकलंय, अशी तक्रार घेऊन लोक येतात. फाइल उघडली की कारण बहुधा वरच्या चार कागदांतच सापडतं. सर्टिफिकेटं खरी असतात, कार्यशाळाही चांगल्या झालेल्या असतात, फक्त त्यातल्या बऱ्याचशा सीआरईच्या नसतात. तुम्ही काय शिकलात हे परिषद विचारत नाही. तिने आधी मंजूर केलेल्या कार्यक्रमात तुम्ही बसलात का आणि त्याचा कागद तुमच्याकडे आहे का, एवढंच ती तपासते. हे अन्यायाचं वाटेल, आणि थोडं आहेही, पण अर्ज याच कसोटीवर तपासला जातो.

आधी एक गैरसमज दूर करू, कारण त्यापायी लोकांचे पैसे सर्वाधिक वाया जातात. सीआरईचे कार्यक्रम नोंदणी टिकवण्यासाठी असतात. त्यांनी नवी नोंदणी मिळत नाही. एम.ए. कौन्सेलिंग सायकॉलॉजी झालेली कितीतरी मुलं "पॉइंट जमवते आहे, शंभर झाले की आरसीआयला अर्ज करेन" असं अगदी विश्वासाने सांगतात. ज्यांच्याकडे सीआरआर नंबर, म्हणजे परिषदेच्या नोंदवहीतला क्रमांक, नाही त्यांचे पॉइंट जमा व्हायला खातंच नसतं. आयोजक त्यांना आत बसू देतात, फी घेतात, सहभागाचं प्रमाणपत्रही देतात. कार्यक्रमातून शिकायला मिळालं असेल तर ते तुमचंच आहे, पण त्या कागदावर नोंदणी मागायला जाऊ नका.

नोंदणी कोणाला मिळते? भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम १९९२ सालचा. त्याखाली परिषद केंद्रीय पुनर्वास नोंदवही ठेवते आणि त्या वहीतला तुमचा क्रमांक म्हणजे सीआरआर नंबर. मानसिक आरोग्याच्या बाजूने या वहीत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि रिहॅबिलिटेशन सायकॉलॉजिस्ट येतात. दोघांसाठीही परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम मान्यताप्राप्त संस्थेतून पूर्ण केलेला असावा लागतो: क्लिनिकलसाठी दोन वर्षांचं एम.फिल. किंवा साय.डी. (क्लिनिकल सायकॉलॉजीतली डॉक्टरेट) यांसारखा, रिहॅबिलिटेशनसाठी त्या विषयातला पदव्युत्तर डिप्लोमा किंवा एम.फिल. नुसत्या मानसशास्त्रातल्या एम.ए.वर, मग तो कितीही नावाजलेल्या विद्यापीठाचा असो, ही नोंदणी होत नाही. वहीत नाव नसताना या कायद्याखाली येणारा व्यवसाय करणाऱ्याला कलम १३ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. दंडाची रक्कम वाचून हसू येतं, कैदेची ओळ वाचून येत नाही.

यातला चोरखड्डा संस्थेच्या मान्यतेचा आहे. परिषद मान्यता ठरावीक सत्रांसाठी आणि ठरावीक जागांसाठी देते. "आमचं कॉलेज आरसीआयचं आहे" एवढ्यावर भागत नाही. तुमच्या प्रवेशाच्या सत्राला मान्यता होती का आणि तुमचा प्रवेश मंजूर जागांमध्ये बसतो का, हे दोन्ही पाहिलं जातं. प्रवेश घेण्याआधी त्या सत्राचं मान्यतापत्र मागा. कार्यालयाने "सध्या फाइलमध्ये सापडत नाही" म्हटलं तर परिषदेच्या संकेतस्थळावरच्या यादीत स्वतः शोधा. पदवी हातात आल्यावर हे कळणं फार महाग पडतं.

एम.फिल. बंद झाल्याच्या बातमीनेही बरीच घबराट केली. आधी मिळवलेलं एम.फिल. बाद झालेलं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२च्या नियमांत एम.फिल. थांबवलं, तरी जुन्या पदव्यांना हात लावला नाही. शिवाय क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन विषयांसाठी २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत प्रवेशाची मुभा दिली. तुमची पदवी त्या काळातली असेल तर रिन्यूअलची वेगळी चिंता करू नका.

शंभराचा हिशेब

प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षं आणि त्या पाच वर्षांत शंभर सीआरई पॉइंट, हे सगळ्यांना पाठ असतं. तरी गणित चुकतं. एका पूर्ण दिवसाचे सहा तास आणि सहा पॉइंट असा सर्वसाधारण हिशेब आहे. म्हणजे तीन दिवसांच्या कार्यक्रमाचे अठरा, पाच दिवसांच्या कार्यक्रमाचे तीस. तीन दिवसांचे पाच कार्यक्रम केलेला माणूस निर्धास्त असतो, कारण वर्षाला एक झाला. बेरीज मात्र ९० भरते. मग मुदत संपायच्या महिन्यात दहा पॉइंटांसाठी धावाधाव सुरू होते आणि तेव्हा जवळपास एकही जागा शिल्लक नसते, कारण सगळेच त्याच महिन्यात जागे झालेले असतात.

पाच वर्षं कुठून मोजायची, याचाही घोळ असतो. प्रमाणपत्रावर मुदतीची तारीख छापलेली असते, तीच धरायची. कॅलेंडर वर्ष धरायचं नाही, पदवीचं वर्षही नाही, आणि प्रमाणपत्र टपालाने हातात पडलं तो दिवसही नाही. मुदत मेमध्ये संपत असेल आणि तुम्ही "या वर्षअखेरपर्यंत वेळ आहे" असं धरून चालला असाल, तर नोव्हेंबरातल्या कार्यक्रमाचे पॉइंट या मुदतीच्या उपयोगाचे नाहीत. ती तारीख आज बघून फोनमध्ये टाका, आणि गजर एक वर्ष आधीचा लावा.

आता पॉइंट कशाचे मिळतात. परिषदेने आधी मंजूर केलेल्या सीआरई कार्यक्रमाचेच. सीबीटी, आरईबीटी यांसारख्या उपचारपद्धती, ट्रॉमा, कौटुंबिक समुपदेशन यांची दर्जेदार प्रशिक्षणं पुष्कळ ठिकाणी होतात आणि तुमच्याकडे मदतीला येणाऱ्यांसाठी त्यांचा उपयोग कितीतरी जास्त असतो. ती जरूर करा. पण मंजुरी नसेल तर पॉइंट शून्य. जाहिरातीत "सीआरई मान्यतेसाठी अर्ज केला आहे" असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ आज मान्यता नाही, इतकाच घ्या. पैसे भरण्याआधी आयोजकांकडे मंजुरीचं पत्र मागा. पत्रावर कार्यक्रमाचं नाव, तारखा आणि पॉइंट असतात, ते जाहिरातीशी ताडून बघा. तारीख बदललेली असेल तर बदललेल्या तारखेची मंजुरी आहे का तेही विचारा. विचारायला संकोच वाटतो हे खरं, पण चांगला आयोजक पत्र लगेच पाठवतो. जो टाळाटाळ करतो त्याचं उत्तर तुम्हाला मिळालेलंच असतं.

कार्यक्रमात बसल्यावरही सावध राहा. नोंदणी फॉर्ममध्ये सीआरआर नंबर लिहिताना एक आकडा इकडचा तिकडे झाला की पॉइंट तुमच्या नावावर दिसणार नाहीत. ऑनलाइन कार्यक्रमात झूमवर नावाच्या जागी फोनचं मॉडेल झळकत असेल तर हजेरी कोणाची लावायची? पूर्ण नाव आणि सीआरआर नंबर, असंच आत शिरा. दुसऱ्या दिवशी दुपारी ओपीडी आहे म्हणून निघून गेलात तर सहीचा रकाना रिकामा राहतो आणि नंतर आयोजकही हात वर करतात. प्रमाणपत्र मिळताच नाव, नंबर, तारखा आणि पॉइंट वाचून घ्या. दुरुस्ती त्याच आठवड्यात मागितली तर होते. तीन वर्षांनी मागाल तेव्हा आयोजक बदललेला असतो, समन्वयक दुसऱ्या शहरात असतो आणि ईमेल परत येतो.

नावाचा घोळ

महाराष्ट्रातल्या अर्जदारांना हा खास त्रास आहे. आपल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुतेकांचं नाव आधी आणि आडनाव शेवटी. काही पदव्यांवर आईचं नावही येतं. बायकांच्या बाबतीत लग्नानंतर आधार एका नावाने, पदवी दुसऱ्या नावाने आणि सीआरई प्रमाणपत्रं कधी या तर कधी त्या नावाने. पडताळणारा माणूस दिल्लीत बसलेला. "कुलकर्णी" माहेरचं की सासरचं हे त्याने ओळखावं अशी अपेक्षा ठेवू नका.

फक्त क्रम बदललेला असेल तर सहसा निभावतं. आडनावच बदललं असेल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र जोडा आणि नाव कायमचं बदलायचं असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात ते प्रसिद्ध करून घ्या. गॅझेटची प्रत असली की पुढची पाच ठिकाणंही सुटतात. ते करायचं नसेल तर सोपा मार्ग असा: नोंदवहीत जे नाव आहे, तेच प्रत्येक सीआरईच्या फॉर्ममध्ये, शब्दशः, स्पेलिंगसकट. घरी, बँकेत, दवाखान्याच्या पाटीवर तुम्ही कोणत्याही नावाने ओळखल्या जा.

प्रत्यक्ष अर्ज हा सगळ्यात सोपा भाग आहे. परिषदेच्या नोंदणी पोर्टलवर लॉगिन, रिन्यूअलचा पर्याय, फोटो, ओळखपत्र, जुनं प्रमाणपत्र, सीआरईची प्रमाणपत्रं, शुल्क. शुल्क पोर्टलवर त्या दिवशी दिसेल तेच खरं. व्हॉट्सॲपवर फिरणारे आकडे कधीचे असतात कोण जाणे. मोबाइल नंबर बदलला असेल तर तो आधी दुरुस्त करा, नाहीतर ओटीपी कुणा दुसऱ्याच्याच फोनवर जाईल. मूळ कागद सरळ धरून स्कॅन करा. गादीवर ठेवून तिरका काढलेला, वर पंख्याची सावली पडलेला फोटो वाचता आला नाही तर त्यात दोष पडताळणाऱ्याचा नाही. अर्ज भरल्यावर ईमेलचा स्पॅम फोल्डरही बघत राहा. त्रुटी कळवलेली असते आणि अर्जदार महिनाभर "अजून काही आलं नाही" म्हणत बसलेला असतो.

मधल्या काळात दुसरा मान्य अभ्यासक्रम केला असेल तर तो आपोआप वहीत चढत नाही. अतिरिक्त पात्रतेचा वेगळा अर्ज करावा लागतो. डिप्लोमावर रिहॅबिलिटेशन सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंद आहे आणि नंतर क्लिनिकलचं शिक्षण झालं, तर ही नोंद होईपर्यंत पाटीवर क्लिनिकल लिहू नका.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या कानावरच आलेली नसते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्य परिचारिका आणि सायकियाट्रिक सोशल वर्कर यांची नोंदणी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडेही होते. आरसीआयचा नंबर असला तरी ही नोंदणी वेगळी. एका खात्याने केलेली पडताळणी दुसरं खातं का चालवून घेत नाही, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मिळेतोवर कागदांचे दोन संच ठेवा.

आरसीआयबाहेरच्या समुपदेशकांनी काय करायचं

ज्यांना वरचं काहीच लागू नाही, त्यांच्यासाठी २०२१चा कायदा आहे: राष्ट्रीय सहायक आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा, तोंडी भाषेत एनसीएएचपी. त्याच्या परिशिष्टात वर्तन-आरोग्य विज्ञानाच्या गटात आरसीआयखाली येणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वगळून इतर सायकॉलॉजिस्ट, आरोग्य समुपदेशक, एचआयव्ही आणि कुटुंब नियोजन समुपदेशक, मानसिक आरोग्य सहायक अशी नावं आहेत. नोंदणी राज्य परिषदेमार्फत व्हायची आहे. "आत्ताच पैसे भरा, एनसीएएचपीची नोंदणी हमखास" असं सांगणाऱ्या मध्यस्थांना दारातूनच परत पाठवा.

आज करण्यासारखं काम वेगळं आहे आणि त्यातच बहुतेकांची पंचाईत होणार आहे. हा कायदा तासांच्या भाषेत बोलतो. सहायक व्यावसायिकासाठी दोन ते चार वर्षांत किमान २००० तासांचं शिक्षण, आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी तीन ते सहा वर्षांत किमान ३६०० तासांचं. आपल्या गुणपत्रिकेवर विषय आणि श्रेणी असते, तास नसतात. प्रॅक्टिकम, म्हणजे देखरेखीखालचा प्रत्यक्ष सराव, किती तासांचं होतं, कुठे झालं, देखरेख कोणाची होती, हे सांगणारा कागद क्वचितच कोणाकडे असतो. तो विभागाकडून लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह मागून घ्या. सोबत तुमच्या बॅचच्या अभ्यासक्रमाची छापील प्रतही घ्या. विभागप्रमुख निवृत्त होण्याआधी आणि अभ्यासक्रम पुन्हा बदलण्याआधी हे केलेलं बरं. इंटर्नशिप एखाद्या स्वयंसेवी संस्थेत केली असेल तर तिथलं पत्र आधी घ्या, कारण प्रकल्पाचा निधी संपला की संस्थेचं कार्यालयही हलतं.

नव्याने प्रवेश घेणाऱ्यांनी एवढं बघावं: जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्यसेवेचे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवायला विद्यापीठ अनुदान आयोगाने मनाई केली आहे. त्यानंतरच्या सत्रासाठी कोणी "घरबसल्या एम.ए. सायकॉलॉजी" विकत असेल तर तिथे पैसे गुंतवू नका.

राहता राहिले मुदत उलटून गेलेले. लाजेने गप्प बसणारे यांतच जास्त असतात आणि दर महिन्याला प्रकरण अवघड करत जातात. पोर्टलवर अर्ज करा, विलंब शुल्क भरा, पॉइंट कमी असतील तर पुढच्या मंजूर कार्यक्रमात नाव घाला. नोकरीत असाल तर वरिष्ठांना स्वतःहून सांगा. तपासणीत कोणी प्रमाणपत्र मागितल्यावर सांगण्यापेक्षा ते सोपं जातं. परदेशी अर्जासाठी गुड स्टँडिंग सर्टिफिकेट, म्हणजे तुमची नोंदणी चालू आणि निर्दोष असल्याचा परिषदेचा दाखला, लागणार असेल तर आधी रिन्यूअल उरकून घ्या, कारण मुदत संपलेल्या नोंदणीवर ते मागायला गेलात की दोन्ही अर्ज एकमेकांत अडकतात.